बीकॉम की बीबीए? बहिणीला पुण्यात दोन्हीकडे मिळतंय, पुढं नोकरीच्या हिशोबानं काय घ्यावं

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. बहिणीच्या ॲडमिशनचं विचारायचंय, जरा लांबलचक होईल पण घरचं सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितोय.

बहीण यंदा बारावी कॉमर्स झाली, ८६ टक्के, अकाउंट्सला ९५, मॅथ्स घेतलेलं होतं. बीबीएची सीईटी पण दिली होती, बरी गेली. आता पुण्यात दोन ठिकाणी होतंय. एक डेक्कनकडचं जुनं अनुदानित कॉलेज, तिथं साधं बीकॉम, फी सगळी धरून वर्षाला १५ हजाराच्या आत. दुसरं शहराच्या बाहेरच्या बाजूचं नवीन कॉलेज, तिथं बीबीए (मॅनेजमेंटची पदवी), कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरी) सीट लागलीय, फी वर्षाला १ लाख १५ हजार सांगितलीय आणि हॉस्टेल मेस वेगळं. कॉलेज बघून आलो, एसी क्लासरूम, मोठं ऑडिटोरियम, भिंतीवर कंपन्यांचे लोगो लावलेत, शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स असं लिहिलंय.

वडिलांची मार्केट यार्डात बेदाण्याची छोटी अडत आहे. त्यांचं म्हणणं बीकॉमच करायचं तर सांगलीला चिंतामणराव कॉलेज आहेच की, रोज बसनं जाऊन येईल, पुण्याला कशाला. पुण्याची आत्या म्हणते बीकॉमला आता कुणी विचारत नाही, बीबीए केलं की कॅम्पसमधूनच नोकरी लागते. मी स्वतः डिप्लोमावाला, कुपवाड एमआयडीसीत कामाला, मला कॉमर्समधलं काही कळत नाही.

बहिणीला अकाउंट्स मनापासून आवडतं. सीझनला दुकानात बसून शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या तीच करते, टॅली पण शिकलीय. पण सीए म्हटलं की घाबरते, आमच्या ओळखीतला एक मुलगा इंटरलाच (सीएची दुसरी पायरी) कितीतरी वर्षं अडकून बसलाय ते तिनं जवळून बघितलंय. पुढं एमबीए करायचं असं तिच्या डोक्यात आहे. मग एमबीएच करायचं तर आधी बीबीए केलेलं बरं का? आणि समजा एमबीए नाही झालं, नुसत्या डिग्रीवर नोकरी करायची वेळ आली तर दोन्हीपैकी कशाला किंमत जास्त? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा. कॅपची सीट कन्फर्म करायला फार दिवस नाहीत.

---

खतावणी_पुणे

दादा, मी पुण्यात बीकॉम केलं, सीए इंटरचा एक ग्रुप झाला आणि आता एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्सला आहे, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो.

पहिलं म्हणजे बीकॉमला कुणी विचारत नाही हे आत्याबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. नुसत्या बीकॉमला, म्हणजे तीन वर्षं कॉलेजला जाऊन गाइड वाचून पास झालेल्याला खरंच कुणी विचारत नाही. पण ज्याला काम येतं त्याला पुण्यात काम कमी नाही. आता काम म्हणजे काय ते सांगतो कारण बारावीच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. आमच्या डिपार्टमेंटचा महिना तारखांवर चालतो. ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, १४ ला पोर्टलवर टू-बी तयार होतो, २० ला थ्री-बी म्हणजे कर भरायचं रिटर्न. ती १४ ते २० ची धावपळ नवीन पोराला बरोबर पारखते. टू-बी म्हणजे काय, तर आपल्याला माल देणाऱ्यांनी त्यांच्या रिटर्नमध्ये आपल्या नावावर जी बिलं दाखवली त्यांची यादी. ती एक्सेलमध्ये डाउनलोड करायची, आपल्या परचेस रजिस्टरशी जुळवायची, जे बिल तिथं दिसत नाही त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) या महिन्यात घेता येत नाही, मग त्या सप्लायरला फोन करायचा, कधी त्यानं बिल नंबर चुकीचा टाकलेला असतो, कधी दुसऱ्याच जीएसटी नंबरवर टाकलेलं असतं, कधी त्यानं रिटर्नच भरलेलं नसतं आणि तो फोन उचलत नाही. यात अकाउंट्स कळावं लागतं, एक्सेल हाताखाली असावं लागतं आणि माणसाशी गोड बोलून काम काढून घ्यावं लागतं. तुमची बहीण शेतकऱ्याच्या पट्ट्या करते म्हणालात ना, हमाली तोलाई अडत वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती रक्कम पडणार हे ती समोरच्याला समजावून सांगत असणार. मग ती या कामाच्या बरीच जवळ आहे.

आता सीएबद्दल. भीती वाटणं साहजिक आहे, निकाल कमी लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण सीए म्हणजे एकदा आत शिरलं की आयुष्य गेलं असं काही नाही. पहिली पायरी फाउंडेशन, तिचे चार पेपर असतात, अकाउंटिंग, बिझनेस लॉ, क्वांट आणि इकॉनॉमिक्स. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे-जून, सप्टेंबर. आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली उमेदवारी, नव्या स्कीममध्ये तीनाऐवजी दोन वर्षांची झालीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाउंडेशन नाही निघालं तरी बीकॉमला ५५ टक्के पाडून डायरेक्ट इंटरला रजिस्ट्रेशन करता येतं, म्हणजे दार बंद होत नाही. बीबीएवाल्यांनाही हे दार आहे, पण मार्कशीटवर अकाउंटिंग, टॅक्सेशन, मॅनेजमेंट असे ठराविक विषय पुरेसे भरले तरच ५५, नाहीतर ६० टक्के लागतात.

माझं स्पष्ट मत, जिला अकाउंट्सला ९५ आहेत आणि ते आवडतंय तिनं बीकॉमच घ्यावं, पण त्याच्या जोडीला काहीतरी धरावं. सीए नको तर सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) आहे, ते पण नको तर किमान टॅक्सेशन आणि ॲडव्हान्स एक्सेल. पुण्यातल्या जुन्या कॉमर्स कॉलेजांत बऱ्याच ठिकाणी लेक्चर सकाळी असतात, दुपारपासून दिवस मोकळा मिळतो. खरी कमाई त्या दुपारची आहे.

---

एचआर_हडपसर

मी रिक्रूटमेंटमध्ये आहे, बीबीए आणि बीकॉम दोन्ही कॅम्पसला जाते, थोडी दुसरी बाजू सांगते.

दादा, ते "प्लेसमेंट असिस्टन्स" हे शब्द नीट वाचा. असिस्टन्स म्हणजे कंपनी बोलावू, तुम्ही मुलाखत द्या, एवढंच. नोकरी देऊ असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. भिंतीवरच्या लोगोंचंही तसंच, एखाद्या कंपनीनं चार वर्षांपूर्वी एक मुलगा घेतला असला तरी लोगो लागतो. तुम्ही प्लेसमेंट सेलमध्ये जाऊन मागच्या बॅचची यादी मागा आणि तीन रकाने बघा. बॅचमध्ये एकूण मुलं किती आणि त्यातली यादीत किती, पद काय आणि पगार काय. पद या रकान्यात बिझनेस डेव्हलपमेंट, इनसाइड सेल्स, रिलेशनशिप ऑफिसर असंच सगळं असेल तर ती सेल्सची नोकरी आहे. सेल्स वाईट नाही, चांगली बोलणारी मुलं त्यात झपाट्यानं पुढं जातात, मी स्वतः बघितलीत. पण महिन्याला टार्गेट असतं, इतकी खाती उघडा, इतक्या पॉलिसी काढा, आणि पगारातला मोठा भाग त्या टार्गेटवर लटकलेला असतो. सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) सांगतात तेव्हा इन्सेंटिव्ह धरून सांगतात, म्हणून दर महिन्याला बँकेत हमखास किती जमा होणार हा प्रश्न वेगळा विचारायचा. जिला पट्ट्या करायला आवडतं तिला हे आवडेल का, हे तिलाच विचारा, आत्याला नको.

आता बीबीएचं चांगलं काय तेही सांगते कारण खतावणींनी ते सोडून दिलंय. बीबीएची मुलं प्रेझेंटेशन, ग्रुप प्रोजेक्ट, इंटर्नशिप यात पहिल्या वर्षापासून असतात. इंटरव्ह्यूला समोर बसली की डोळ्यात बघून बोलतात. बीकॉमच्या मुलांना, त्यातही गावाकडून आलेल्यांना विषय चांगला येत असतो पण इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची म्हटली की घशात अडकतात. यात त्या मुलांचा काडीचा दोष नाही, शंभर-सव्वाशेच्या वर्गात तीन वर्षांत त्यांना उभं राहून बोलायची वेळच आलेली नसते.

पण एक प्रश्न मी दोन्हीकडच्या मुलांना हमखास विचारते. एका दुकानदारानं ८० हजाराचा माल १ लाखाला उधारीवर विकला, त्याला २० हजार नफा झाला, मग त्याच्याकडं पगार द्यायला पैसे का नाहीत? बीबीए फायनान्सवाली कितीतरी मुलं इथं गडबडतात, त्यांना रेशोचे फॉर्म्युले पाठ असतात पण उधारी वसूल व्हायच्या आधीच नफा वहीत चढतो हे डोळ्यासमोर येत नाही. अडतीच्या दुकानात वाढलेल्या मुलीला हे पुस्तकाशिवाय कळतं. ही तिची जमेची बाजू आहे, तिला सांगा की इंटरव्ह्यूत वडिलांच्या दुकानाबद्दल बिनधास्त बोलायचं, मुलं ते लपवतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात.

---

माटुंगा_बीएमएस

थोडा विरोधी सूर लावतो. मी मुंबईला बीएमएस केलं (आमच्याकडं बीबीएचा भाऊ), मग दोन वर्षं नोकरी, मग एमबीए.

एमबीएसाठी आधी बीबीए पाहिजे ही समजूत काढून टाका. एमएएच-एमबीए सीईटीला (राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा) किंवा कॅटला (आयआयएमची प्रवेश परीक्षा) कुठलीही पदवी चालते, ५० टक्के पाहिजेत, सीईटीला राखीव प्रवर्गाला ४५. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त इंजिनिअर होते, त्यांनी जन्मात बॅलन्सशीट बघितलेली नव्हती आणि तीन महिन्यांत शिकले. जमनालाल बजाजला, सिडनहॅमच्या एमबीएला किंवा पुम्बाला (पुणे विद्यापीठाचं एमबीए) जायचं तर सीईटीचा स्कोअर लागतो, तिथं लॉजिकल रिझनिंग आणि क्वांट चालतं, बीबीएतलं मार्केटिंग मॅनेजमेंट त्यात कुठंच येत नाही. उलट तीन वर्षं बीबीए आणि दोन वर्षं एमबीए केलं की पहिलं वर्ष तेच तेच परत शिकल्यासारखं होतं, हे माझ्यासोबतच्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं.

तरी पण मी बीबीएच्या बाजूनं एक सांगेन. तासगावची मुलगी पुण्यात आली, तिला चार शहरातल्या मुलांबरोबर प्रोजेक्ट करावं लागलं, इव्हेंटसाठी स्पॉन्सर मागायला दुकानोदुकानी फिरावं लागलं तर त्यातनं जी धिटाई येते ती मोलाची आहे. मी जे काही शिकलो ते कॉलेज फेस्टच्या स्पॉन्सरशिपसाठी फिरताना शिकलो, वर्गात नाही. बीकॉमला ते आपणहून शोधावं लागतं, कॉमर्स असोसिएशन, एनएसएस, नाटकाचा ग्रुप काहीही. ती लाजरी असेल आणि कुणी ढकलल्याशिवाय पुढं होणार नसेल तर बीबीएचा विचार करा, पण वर्षाला १ लाख १५ हजार देऊन नाही.

अजून एक. कोर्सचं नाव काय आहे ते नीट बघा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे एआयसीटीईखाली (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) आले आणि आपल्याकडं सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी मुलं कमी आली म्हणून सीईटी दुसऱ्यांदा घ्यावी लागली होती. काही कॉलेजांनी मग कोर्सचं नावच बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज वगैरे केलं म्हणजे सीईटीची भानगड नको. ते कोर्स वाईट आहेत असं नाही, पण मार्कशीटवर काय छापून येणार ते आधी विचारून घ्या.

---

बेदाणा_तासगाव

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बहिणीला सगळं वाचायला दिलं. तो उधारीचा प्रश्न तिनं वाचला आणि लगेच म्हणाली, आपल्या दुकानात दर सीझनला हेच तर होतं, सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी द्यावी लागते आणि व्यापाऱ्याकडून पैसे यायला वेळ लागतो, तोपर्यंत बाबा बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट कर्जावर) चालवतात.

लाजरी आहे का विचारलंत तर घरात आणि दुकानात अजिबात नाही, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की गप्प होते. मराठी मिडियम आहे दहावीपर्यंत.

फीचा विषय निघालाय म्हणून सांगतो, आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्नाचा दाखला ८ लाखाच्या आतला आहे. बीबीएची फी त्यात काही कमी होते का? कॉलेजच्या काउंटरवर विचारलं तर आधी पूर्ण फी भरा मग बघू म्हणाले.

---

कॉमर्सच्या_मॅडम

मी कॉमर्स कॉलेजला शिकवते म्हणून फीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्यानं तुमचं सगळं गणित बदलू शकतं.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं जीआर काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखापर्यंत आहे त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, आधी हे ५० टक्के होतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या सीटला हे मिळत नाही आणि खासगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. तुमची सीट कॅपची आहे ही चांगली गोष्ट आहे. उद्याच जाऊन कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात (काउंटरवर नाही) विचारा की या बीबीए कोर्सला महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) ही योजना दिसते का आणि मागच्या वर्षी तुमच्याकडच्या किती मुलींना मिळाली. जमलं तर लेखी घ्या. लक्षात ठेवा, माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे भरावंच लागतं, त्यामुळे १ लाख १५ हजारातले ट्यूशनचे किती आणि बाकीचे किती याची फोड मागून घ्या.

म्हणजे आता हा प्रश्न १५ हजार विरुद्ध १ लाख १५ हजार असा राहत नाही. पैशाचं ओझं उतरलं की मग मुलीला काय शिकायचंय एवढंच बघता येतं, आणि माझ्या मते ते तसंच बघायला पाहिजे.

अभ्यासक्रमाचं सांगायचं तर नवीन शैक्षणिक धोरणानुसार आता बीकॉमलाही मेजर मायनर (मुख्य आणि जोड विषय) आलंय आणि ऑन जॉब ट्रेनिंगची क्रेडिट्स आहेत, म्हणजे पूर्वीसारखं नुसतं परीक्षेपुरतं कॉलेज राहिलेलं नाही. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. बीएमसीसी, गरवारे कॉमर्स, मराठवाडा मित्र मंडळ, नेस वाडिया अशा जुन्या कॉलेजांचा फायदा म्हणजे माजी विद्यार्थी. पुण्यातल्या सीए फर्ममध्ये गेलात तर कुणी ना कुणी तिथलाच निघतो, आर्टिकलशिपसाठी ओळख लागते तेव्हा याचा उपयोग होतो.

मराठी मिडियमचं म्हणाल तर काळजी करू नका असं म्हणणार नाही, काळजी करा आणि आत्तापासूनच सुरू करा. बीकॉम इंग्रजीतून घेऊ दे तिला. दरवर्षी माझ्याकडं सांगली साताऱ्याकडच्या मुली येतात, पहिल्या सेमिस्टरला मागच्या बाकावर बसतात. ज्या रोज एक व्यावसायिक बातमी इंग्रजीत वाचून मैत्रिणीला इंग्रजीतच सांगतात त्या दुसऱ्या वर्षी सेमिनारला उभ्या राहतात. हे फुकट आहे आणि कुठल्याही कॉलेजात करता येतं.

खतावणी सरांशी एका बाबतीत माझं जमत नाही. प्रत्येक हुशार मुलाला सीएकडं ढकलायचं आणि मग त्यानं पदवीचा अभ्यास सोडून द्यायचा, हे मी दरवर्षी बघते. शेवटी सीए पण होत नाही आणि बीकॉमला जेमतेम सेकंड क्लास, आणि एमबीएच्या इंटरव्ह्यूला त्याचं उत्तर देताना मुलं रडकुंडीला येतात. फाउंडेशन द्यायचीच असेल तर घरात आधीच ठरवा की किती वेळा द्यायची, आणि कॉलेजची हजेरी सोडायची नाही.

---

दुबई_खाडीकिनारी

एक छोटासा मुद्दा. इथं यूएईत २०१८ ला ५ टक्के व्हॅट आला आणि २०२३ पासून ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स, तेव्हापासून छोट्या छोट्या ट्रेडिंग कंपन्यांनाही नीट वह्या ठेवाव्या लागतात. आमच्या ऑफिसात अकाउंट्सला केरळची, गुजरातची मुलं भरपूर, आपली मराठी त्या मानानं कमी. बीकॉम आणि दोन-तीन वर्षांचा भारतातला अनुभव असलेल्याला कॉल येतो, सोबत सीए, एसीसीए (ब्रिटनची अकाउंटिंगची पात्रता) किंवा सीएमए असेल तर पगार वेगळाच. नुसत्या बीबीएला सेल्स आणि ॲडमिनचे कॉल येतात. अमेरिकेत पुढं शिकायचं डोक्यात असेल तर मात्र चौथं वर्ष करून घ्या, तिकडच्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या तीन वर्षांच्या पदवीवर मास्टर्सला घेत नाहीत.

---

बेदाणा_तासगाव

अपडेट देतोय. काल बहिणीला घेऊन परत पुण्याला जाऊन आलो.

बीबीए कॉलेजात स्कॉलरशिपच्या मॅडमनी नीट माहिती दिली, योजना लागू होतेय, पण ट्यूशन सोडून बाकीची फी आणि हॉस्टेल धरून वर्षाला तरी खर्च बऱ्यापैकी होतोच. प्लेसमेंटची यादी मागितली. तिथले सर प्रामाणिक वाटले, लपवाछपवी केली नाही, यादी समोर ठेवली. पदाचा रकाना बघितला तर एचआर ताईंनी सांगितलं तसंच, बहुतेक सेल्स आणि बँकेची खाती उघडायची कामं, चार-पाच नावांपुढं ॲनालिस्ट लिहिलेलं. सरांनीच सांगितलं की ॲनालिस्टला गेलेल्या मुलांचं एक्सेल आणि अकाउंट्स पक्कं होतं. बहिणीनं ते लगेच वहीत लिहून घेतलं.

मग डेक्कनच्या कॉलेजात गेलो. तिथं ऑफिसात गर्दी, कुणी फारसं बोललं नाही, पण बाहेर तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली भेटल्या, एक कराडची, एक नगरकडची. बहीण त्यांच्याशी तासभर बोलत बसली, मी लांब थांबलो. सकाळी ७ ला लेक्चर, ११ ला सुटतं, एक जण दुपारी टिळक रोडला सीए फर्ममध्ये जाते, दुसरी सीएमए करतेय. कॉट बेसिसवर रूम किती, मेस कुठली बरी, सगळं विचारून आली. बसमध्ये मला म्हणाली दादा मला इथंच यायचंय. फाउंडेशन देणार म्हणतीय, पण दोनदाच, नाही निघाली तर सोडून सीएमए आणि तिसऱ्या वर्षी एमबीए सीईटी. हे तिचं तिनं ठरवलंय. वडील अजून सांगलीचंच म्हणत होते, पण त्यांना मॅडमचं आर्टिकलशिपच्या ओळखीचं वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, बघा तुम्हाला काय करायचं ते. म्हणजे हो आहे.

आता दोन शंका. फाउंडेशनचं रजिस्ट्रेशन आत्ता केलं तर परीक्षा कधी देता येईल? आणि कॅपची बीबीएची सीट सोडायला काय करावं लागतं?

---

खतावणी_पुणे

मस्त. १ सप्टेंबरच्या आत आयसीएआयच्या (सीएची परीक्षा घेणारी संस्था) साइटवर रजिस्ट्रेशन झालं तर जानेवारीची परीक्षा देता येते, त्यानंतर केलं तर मे-जूनची. बारावीची मार्कशीट, फोटो, सही आणि प्रवर्गाचा दाखला स्कॅन करून ठेवा. क्लास लगेच लावायची घाई करू नका, आयसीएआयचे स्वतःचे ऑनलाइन लाइव्ह क्लास फुकट असतात आणि स्टडी मटेरियल, जुने पेपर, मॉक टेस्ट सगळं साइटवर आहे. महिनाभर त्यावर अभ्यास करू दे, कुठला विषय जड जातोय ते कळेल, मग फक्त त्याचाच क्लास लावा. तिला अकाउंट्स जड जाणार नाही, लॉ जाईल, कारण लॉचा पेपर लेखी असतो आणि कायद्याची भाषा इंग्रजीत लिहायची सवय असावी लागते. क्वांट आणि इकॉनॉमिक्सला ऑब्जेक्टिव्ह आहे पण चुकलं की पाव मार्क कापतात, तेव्हा अंदाजे गोळ्या मारायच्या नाहीत.

---

कॉमर्सच्या_मॅडम

सीट सोडायची असेल तर अजून कॉलेजात जाऊन प्रवेश घेतला नाही तर पुढं काही करायची गरज नाही, ती सीट आपोआप पुढच्या राउंडला जाते. प्रवेश घेऊन फी भरली असेल तर मात्र सीईटी सेलच्या वेळापत्रकातल्या शेवटच्या तारखेच्या आत ऑनलाइन रद्द करा आणि त्याची प्रत कॉलेजला देऊन पोच घ्या, तारीख उलटली तर फी परत मिळवताना फार त्रास होतो. मूळ दाखले त्यांच्याकडं दिले असतील तर तेही त्याच दिवशी ताब्यात घ्या.

बीकॉमच्या ॲडमिशनला जाताना शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या तीन-तीन झेरॉक्स न्या. नॉन क्रीमी लेयरवर कुठल्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, ते बघून घ्या, संपलेलं असेल तर आजच तासगाव तहसीलला अर्ज टाका. बीकॉमलाही ओबीसी मुलींसाठी महाडीबीटीवर फी सवलतीची योजना असते, तो फॉर्म कॉलेज सुरू झाल्यावर लगेच भरायचा आणि त्याआधी तिच्या स्वतःच्या नावावरचं बँक खातं आधारला जोडून ठेवायचं. पैसे थेट खात्यात येतात आणि दरवर्षी आमच्याकडं निम्मे फॉर्म या आधार सीडिंगपायीच अडकतात.